शेवटचा पाव फेरा

१

गॅरेजचं दार तोललेलं आहे की नाही हे बघायला फार अक्कल लागत नाही. दार कमरेइतकं उचलायचं आणि सोडून द्यायचं. तिथल्या तिथे थांबलं तर ठीक. खाली आलं तर स्प्रिंग थकली. आपणहून वर चढायला लागलं तर स्प्रिंगला पीळ जास्त झाला. एवढंच. पण लोक हे कधी करत नाहीत. दार कुरकुरायला लागलं की सापडेल तिथे तेल ओततात, आणि तार तुटून दार गाडीच्या टपावर बसलं की मला फोन करतात. मग मी जातो आणि आधी त्यांना चार शब्द सुनावतो. एकोणतीस वर्षं हेच करतोय. बायको म्हणते, तुम्हाला स्प्रिंगपेक्षा माणसांना पिळायला जास्त आवडतं.

पीळ मोजायचा तो पावांनी. दाराच्या वर एक आडवा दांडा असतो, दांड्यावर स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला लोखंडी टोपी आणि टोपीला चार भोकं. भोकात सळई घालून टोपी एक भोक पुढे फिरवली की झाला पाव फेरा. पहिली सळई काढायच्या आधी दुसरी घालायची, नाहीतर मनगट गेलंच म्हणून समजा. माझ्या ताईच्या घरच्या दाराला असे तीस पाव लागतात. ते मीच घातले होते, आणि भाऊजी खाली शिडी धरून उभे होते.

दार भाऊजींनी स्वतः केलेलं. ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. मी पत्र्याचं हलकं दार सुचवलं, तर म्हणाले, मला काय डब्याला झाकण लावायचंय? एकावर एक चार जाड लाकडी फळ्या, मधे बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना रुळात फिरणारी चाकं. एकूण वजन एक्याण्णव किलो. त्यातली एक फळी करताना उजव्या पायावर पडली आणि अंगठ्याचं नख गेलं ते परत कधी आलं नाही. मोटर बसवून देतो म्हणून मी दहा वेळा सांगितलं. त्यांनी बसवू दिली नाही, कारण दार उचलणं हे त्यांचं काम होतं. ताई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, सव्वासहाला परत येते. वळणावर तिच्या गाडीचा आवाज आला की भाऊजी हातातलं टाकून गॅरेजमध्ये जायचे आणि आतून दार उचलायचे. चोवीस वर्षांत ताईला दारासाठी गाडीतून उतरावं लागलं नाही.

मग त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. पायऱ्या नकोत म्हणून त्यांचा पलंग गॅरेजला लागून असलेल्या खोलीत आणला. डॉक्टर काय म्हणाले ते ताईनं आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

२

महिन्याभरानं ताईचा फोन आला. दार हाताला लागतच नाही म्हणाली. आता तिलाच उतरून बाहेरून उचलावं लागायचं. तिनं कडीला हात लावला की दार वर पळायचं आणि छताशी जाऊन आपटायचं.

मी गेलो. कमरेइतकं उचलून सोडलं, तर दार खरंच वर निघालं. मला जरा लाज वाटली. आपल्याच हातचं काम, तेही घरच्या दाराचं. लाकूड हवेतलं पाणी धरतं आणि सोडतं; वाळलं असेल, हलकं झालं असेल, असं म्हणून मी दोन पाव काढले. मग सोडलं तेव्हा दार जिथल्या तिथे थांबलं. ताईनं चहा दिला. भाऊजी पलंगावर डोळे मिटून पडले होते. मावशी, म्हणजे दिवसभर त्यांचं करायला ठेवलेल्या बाई, त्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या.

दोन महिन्यांनी परत तेच. मी तीन पाव काढले. आणखी दोन महिन्यांनी परत तेच, आणि परत तीन. नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणतात. इथे मोत्याचं काही कळत नव्हतं, पण नाक रोज वर चाललं होतं.

आठ पाव म्हणजे दोन पूर्ण फेरे. दोन फेरे काढलेलं दार कमरेवर सोडलं तर ते गप्पकन खाली यायला हवं. हे माझं दार तरंगत होतं.

३

कारणं काढायला माणूस हुशार असतो. मी म्हटलं, स्प्रिंग मुळातच जाड तारेची आली असेल. मी म्हटलं, त्या वेळी पाव मोजताना माझी चूक झाली असेल. एकोणतीस वर्षांत झाली नव्हती, पण होऊ शकते. दाराच्या तळाची रबरी पट्टी झिजली असेल, असंही म्हणून बघितलं. ती पट्टी सगळी मिळून पाऊण किलोची.

तिसऱ्या खेपेला एक गोष्ट कानावर आली होती. भाऊजींना व्यायाम द्यायला एकजण येतो, तो त्या दिवशी खोलीत होता. मला ओळखीचा समजून सांगायला लागला. म्हणाला, एवढे दिवस पडून असलेल्या माणसाचं अंग वितळतं. यांचे पाय वितळले, पोट खपाटीला गेलं, पण खांदे बघा. त्यानं पांघरूण बाजूला करून दाखवलं. खांदे आणि दंड गोटीबंद होते, ओझी वाहणाऱ्या माणसाचे असतात तसे. डावा खांदासुद्धा. त्याला वाटत होतं की हा त्याच्या व्यायामाचा गुण आहे, आणि मी त्याचा आनंद मोडला नाही.

मावशी म्हणाल्या, रोज सव्वासहाला मात्र यांना धाप लागते. नेमकी सव्वासहाला. घड्याळ लावून घ्यावं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी चेष्टेत म्हणालो. भाऊजींचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते. भिंतीपलीकडे गॅरेज होतं.

४

चौथ्या खेपेला मी वजनाचा काटा घेऊन गेलो. साधा, न्हाणीघरात ठेवतात तसला. स्प्रिंगचा सगळा पीळ उतरवला, दाराच्या दोन्ही कडांना धरून वर ओढणाऱ्या तारा सैल केल्या आणि दार काट्यावर टेकवलं.

एक्याण्णव.

काटा काढून स्वतः उभा राहिलो. माझं वजन माझ्या वजनाइतकंच भरलं. परत दार ठेवलं. एक्याण्णव. लाकूड वाळलं नव्हतं, दार छटाकभरही हलकं झालं नव्हतं. पीळ कमी, वजन तेवढंच, आणि तरी दार वर जात होतं. म्हणजे उरलेलं वजन कोणीतरी उचलत होतं. हे वाक्य माझ्या मनात अगदी सरळ आलं आणि मी ते तितकंच सरळ बाजूला ठेवलं, कारण पुढे त्याचं काय करायचं ते मला कळेना.

मग मी काय केलं? जे येतं तेच केलं. बावीस पाव परत घातले, दार उचलून बघितलं, ते वर गेलं, आणि मी आणखी चार काढले. अठरा उरले. दार कमरेवर थांबलं. बघायला अगदी शहाण्यासारखं.

हात पुसत आत गेलो तर भाऊजींच्या कपाळावर घाम होता. मावशी म्हणाल्या, आज उकडतंय. उकडत नव्हतं.

५

त्यानंतर तीन महिने मी ताईचा फोन टाळला. काम फार आहे म्हणालो. अकराव्या महिन्यात शेवटी ती म्हणाली की येत नसशील तर दुसरा कोणी बघते, आणि मी दुपारी चारला तिच्या दारात उभा राहिलो. ताई कामावर होती. मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, आवाज बाहेरपर्यंत येत होता.

मी बाहेरून कडी धरली. अठरा पावांवर, म्हणजे बारा कमी असताना, त्या दाराचे छत्तीस किलो माझ्या हाताला लागायला हवे होते. दोन बोटांनी उचललं. दार माझ्या बोटांच्या पुढे गेलं.

हे मी आधीही अनुभवलं होतं, पण नीट लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. जास्त पिळलेली स्प्रिंग दाराला ओढते तेव्हा ओढ दोन्ही कडांना, तारांपाशी असते. ही ओढ तळाला होती. जड कपाट हलवताना दुसऱ्या बाजूनं कोणी उचललं की आपल्या हाताला ते कळतं. तो आपला दम बघून उचलतो, आपण थांबलो की थांबतो. मी थांबलो. दार वीतभर उंचीवर थांबलं.

मी खाली वाकलो. दाराखालच्या फटीतून आतला सिमेंटचा कोबा दिसत होता, आणि त्यावर दोन अनवाणी पाय होते. टाचा उचललेल्या होत्या. सगळा भार चवड्यांवर आला की बोटं पांढरी पडतात, तशी पडली होती. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.

मी कडी सोडली आणि गुडघ्यांवर बसून आत बघितलं. कोबा रिकामा होता. तेलाचा डबा, झाडू, जुनी खोकी. आणि दार वीतभर उंचीवर, कुठलाही टेकू नसताना, तसंच थांबलेलं होतं.

६

पुढच्या दारानं मी घरात गेलो. पळालो नाही, हे मला आठवतं. चपला बाहेर काढल्यासुद्धा.

भाऊजी पलंगावरच होते. पांघरूण घामानं अंगाला चिकटलं होतं, दात एकमेकांवर दाबलेले होते, आणि खांदे थरथरत होते. दोन्ही हात पांघरुणावर होते. बोटांच्या पेरांवर एक सरळ लाल रेघ उमटली होती. दाराची खालची कड एवढ्याच जाडीची आहे.

मला तेव्हा जे कळलं ते सांगतो. स्प्रिंगबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं दार उघडताना तिच्यावर ताण येतो. तसं नाही. दार खाली असतं तेव्हाच ती सगळ्यात जास्त ताणलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, बंद आहे, आराम चाललाय. अकरा महिने आम्ही सगळे भाऊजींकडे बघून हेच म्हणत होतो. आणि मी दर खेपेला येऊन, चहा पिऊन, स्प्रिंगच्या अंगावरचं थोडं थोडं काढून या माणसाच्या अंगावर टाकत होतो.

मी त्यांच्या कानाशी गेलो.

"भाऊजी," मी म्हणालो, "बाहेर मी आहे. ताई नाही."

त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मग मिटले. आणि भिंतीपलीकडे दार धाडकन खाली पडलं.

मावशी हात पुसत धावत आल्या. काही नाही, मी म्हणालो, दार निसटलं.

७

शिडी लावली. दार हलू नये म्हणून रुळाला शिकंजा आवळला. गॅरेज आणि खोली यांच्यामधलं दार उघडं ठेवलं, म्हणजे शिडीवरून मला पलंगाचं पायथ्याचं टोक दिसत होतं. मावशींना उशाशी बसायला सांगितलं.

बारा पाव काढले होते, बारा घालायचे. एक सळई भोकात, दुसरी हातात. पहिला पाव. खोलीतून सुस्कारा आला, जड पिशवी खाली ठेवल्यावर येतो तेवढाच. दुसरा पाव, दुसरा सुस्कारा. तिसऱ्याला मी मुद्दाम थांबलो, सळई अर्ध्यात धरून. खोलीतला श्वासही अर्ध्यात थांबला. मी सळई पुढे नेली तेव्हा तो सुटला. त्यानंतर मी अशी परीक्षा घेतली नाही.

सहाव्या पावाला मावशी म्हणाल्या, घाम थांबला. आठव्याला म्हणाल्या, हात सैल पडले हो, बोटं सरळ झाली. मला फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. सव्वापाच वाजले होते. उन्हाची तिरीप दाराच्या फटीतून कोब्यावर आली होती आणि गॅरेजमध्ये लाकडाचा आणि तेलाचा नेहमीचा वास होता. दहावा घातला. खोलीतला श्वास थोडा विसावू दिला. अकरावा घातला.

"दादा, जरा थांबा," मावशी म्हणाल्या. "श्वास फार लांब लांब घेतायत. आणि पाय गार लागतायत."

मी थांबलो. त्यांच्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो. तो आला, पण यायला वेळ लागला. त्यानंतरच्याला आणखी वेळ लागला.

उचलायला काही उरलं नाही की माणूस खाली ठेवतो, आणि मग कशाला थांबेल? शेवटची सळई माझ्या हातात होती आणि ती घालायची की नाही हे मला ठरवता येईना. खाली उतरायचंही धाडस होईना. मी तसाच शिडीवर उभा राहिलो. किती वेळ, ते मावशींनाच माहीत.

८

सव्वासहाला वळणावर गाडीचा आवाज आला. खोलीतले श्वास एकदम जवळ जवळ यायला लागले.

दाराला शिकंजा होता, त्यामुळे ताई घरातून आत आली. पर्स खांद्यालाच होती. तिनं पलंगाकडे बघितलं, मग शिडीवर माझ्याकडे.

"किती घातलेस?" तिनं विचारलं.

का घातलेस, हे तिनं विचारलं नाही. अकरा, मी म्हणालो, एक राहिलाय.

मग ती बोलली, अगदी हळू, दवाखान्याच्या खिडकीवर बोलते तशी. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. मी पहिल्यांदा दोन पाव काढले, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी चमच्यातलं नीट गिळायला लागले. पुढच्या तीन पावांनंतर मान धरायला लागले. दार हलकं लागायला लागलं की ती मला बोलवायची, आणि मी आणखी काढून जायचो. दार कशानं हलकं लागतं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"समोरून दुसऱ्याचा हात लागला की कळत नाही का?" ती म्हणाली. "तुला नव्हतं कळलं?"

कळलं होतं. मी त्याला वाळलेलं लाकूड म्हणत होतो. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी विचारलं, त्यांची बोटं बघितलीस का? तिनं सांगितलं, रोज रात्री मीच मलम लावते. मग म्हणाली, सगळे नको काढूस, पण चार तरी काढ.

"ताई, हे जगणं नाही. ही हमाली आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण शेवटचा पाव घातलास की मग काय?"

मी टोपी दांड्याला धरून ठेवणारे स्क्रू हलके टेकवले, सळया काढल्या आणि उतरलो. एकोणतीस वर्षांत कुठल्या दाराच्या मालकाला मी असं विचारलं नव्हतं, पण हे दार करणारा माणूस पलंगावर होता, आणि विचारायचं तर त्यालाच. मी त्यांच्याजवळ बसलो.

"भाऊजी, एक पाव राहिलाय. तो घातला की तुम्ही मोकळे. घालू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून ते ताईकडे बघत होते. ती दोन खोल्यांमधल्या चौकटीत उभी होती. मग पांघरुणावरचा त्यांचा उजवा पंजा उताणा झाला. थोड्या वेळानं डावाही झाला. तो अकरा महिने हलला नव्हता. दहाही बोटं वर वळली, आणि हातात काही नसताना घट्ट झाली.

मावशी फडकं पिळता पिळता थांबल्या. ताई बाहेर गाडीपाशी गेली.

या दाराला एका पावात तीन किलो येतात. मी शिडीवर चढून, शेवटचा पाव न घालता, स्क्रू पक्के आवळले, खाली उतरून शिकंजा काढला. बाहेर ताईची पावलं दाराशी आली आणि कडी वाजली. शेजारच्या खोलीत कोणीतरी दम धरला. मी आतल्या बाजूनं दाराला लागून, अगदी मधोमध उभा होतो. तिथे माझी अडचण होत होती, म्हणून मी बाजूला सरकलो.